बिनरंगाची चाकं

पुंजारामच्या गोठ्यात दोन बैल आणि एक जीप अशी तीन जनावरं होती. ही मोजदाद त्याची स्वतःची, आणि तिच्यावर त्याच्याशी वाद घालण्यात काही हशील नव्हतं. जीप लष्कराच्या लिलावात निघालेली. थोरल्या कानिफनाथानं ती नगरहून आणली, कारंजी घाट उतरून वस्तीवर उभी केली, तेव्हा म्हाताऱ्यानं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला घरात घेतली. पुढं दरसाल पोळ्याला बैलांच्या बरोबरीनं तिचीही चंगळ. बैलांना झूल, तर तिलाही झूल. बैलांना पुरणपोळी, तर तिच्या बॉनेटवरही नैवेद्य. बैलांची शिंगं रंगवायची आणि हिला तर शिंगं नाहीत, म्हणून हिची चाकं रंगवायची. तीसुद्धा वरवर नाही, कारण अर्धंमुर्धं काम पुंजारामला खपत नसे. चारी चाकं खाली उतरवायची, उताणी-पालथी करून मागून, पुढून, नटांच्या भोकांच्या आतपर्यंत तेलरंग चोपडायचा, आणि रंग धड वाळला न वाळला तोच पुन्हा चढवायची. तिसगावच्या बाजाराला जीप गेली की लोक हसत. कानिफनाथही हसायचा, पण त्यानं बापाचा हात कधी धरला नाही.

गेल्या पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी, नगरहून एकटाच परत येताना, घाटाच्या उतारावर जिपीचं पुढचं डावं चाक निसटलं. जीप कड्याला जाऊन आदळली आणि कानिफनाथ जागेवर गेला. चाक गेलं दरीत. ते एका धनगरानं चार दिवसांनी खांद्यावर घालून वस्तीवर आणून दिलं, आणि दारात ठेवून तो निघून गेला.

धाकट्या सहादेवला तेव्हापासून काही वाटेनासं झालं होतं. वाईट वाटत नव्हतं असं नाही. काहीच वाटत नव्हतं. भावाला त्यानं खांदा दिला, दहावं-तेरावं केलं, गहू पेरला, मोट फाटली तेव्हा तीही शिवली. डोळ्याला पाणी आलं नाही. पोरगा धीराचा आहे, असं पाहुणे म्हणाले. धीर कसला डोंबलाचा! दात उपटायच्या आधी डॉक्टर सुई मारतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की आडवा व्हायचा. आणि म्हातारा पुंजाराम तर भिंतीला पाठ लावून जो बसला तो उठलाच नाही. बैलांना वैरण घालायलाही तो उठेना, यावरून काय ते समजावं.

घरात उठून कामाला लागलेली एकच बाई होती, आणि ती म्हणजे जिचं कुंकू पुसलं गेलं ती कानिफनाथाची राहीबाई. नवरा गेला तेव्हा तिला दिवस गेलेले होते. तिचं पहिलं बाळ घरीच अडलं होतं आणि गेलं होतं. तीही त्यातून कशीबशी वाचली होती. नगरच्या बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला तपासून निक्षून सांगितलं, घरी बाळंत व्हायचं नाही, कळ आली की तडक इथं यायचं. सांगायला काय जातं! वस्तीवरून नगरला जाणारी एसटी सकाळची एक, आणि कळा काही एसटीचं वेळापत्रक बघून येत नाहीत. बैलगाडीनं घाट चढायचा म्हटलं तर पोर घाटातच व्हायचं.

माघ संपत आला तशी एकदा तिनं सहादेवला ताट वाढलं आणि समोर उभी राहून म्हणाली, "भावजी, जीप चालू करा."

सहादेवनं वर बघितलं. "त्याच जिपीत बसनार तुमी?"

"दुसरी कुठली हाय?" राहीबाई म्हणाली. "एक लेकरू मातीत गेलं, धनीबी गेलं. आता पोटातलं ह्ये राह्यलंय. मला नगरला न्या म्हंजी झालं."

सहादेव बरं म्हणाला आणि जेवू लागला. बरं म्हणायला त्याला काही जड जात नव्हतं.

जिपीचा चेपलेला भाग तिसगावच्या लोहारानं ठोकूनठाकून सरळ केला, मोडलेलं बदललं. इंजिनाला काही झालं नव्हतं. राहिली चाकं. दरीतून आलेलं चाक वाकलेलं होतं, ते तर टाकूनच द्यायचं. बाकीची तीन दिसायला धड होती, पण लोहार म्हणाला, एक जुनं गेलं तर तीन जुन्यांचा काय भरवसा, चारी बदल. म्हणून सहादेवनं ते वाकलेलं चाक आणि एक धड चाक एसटीच्या टपावर टाकलं, एक नट खिशात घातला, आणि तो नगरला गेला.

नगरमध्ये लढाईच्या खुणा अजून होत्या. लढाई संपून दोनेक महिने झाले होते, तरी कितीतरी गाड्यांच्या दिव्यांवर विमानांच्या भीतीनं अर्ध्यापर्यंत फासलेला काळा रंग तसाच होता. लष्कराच्या लिलावातला माल विकणारे स्टेशनच्या अंगाला पत्र्याच्या शेडी टाकून बसलेले. त्यातल्या एका शेडीत गिदोन होता. हा फौजेत बरीच वर्षं गाड्या हाकून आलेला. गळ्यात क्रूस, तोंडात तंबाखू, आणि गिऱ्हाईक म्हणजे जन्मजात अडाणी अशी पक्की समजूत. ही समजूत तो लपवूनही ठेवत नसे.

"जिपीला चारी चाकं पायजेत," सहादेव म्हणाला.

"कोनती?"

"कोनतीबी द्या."

गिदोननं तंबाखू थुंकून तोंड मोकळं केलं. "बायकोला लुगडं घेताना कोनतंबी द्या म्हनतोस का?"

"लगीन न्हाई झालं माझं."

"तरीच!" गिदोन म्हणाला. "चल, तूच बघ अन् बोट दाखीव. मला बघायचंय तुला काय कळतंय."

सहादेवनं सगळ्यात जवळच्या ढिगाकडं बोट केलं. रुंद, चकचकीत चाकं होती ती. गिदोन खदाखदा हसला आणि त्यातलं एक लवंडून त्याच्यापुढं आणलं. मग सहादेवचं जुनं धड चाक त्यानं त्यावर उपडं ठेवलं. भोकावर भोक बरोबर आलं.

"बसलं की," सहादेव म्हणाला.

"बसलं. आता घाटात वळन घे. चाक रुंद हाय, आतल्या अंगाला सरकून बसतंय. वळन आलं की टायर आत घासनार. येकदा घासलं, दोनदा घासलं, तिसऱ्यांदा टायर फाटला का तू दरीत." हे म्हणताना तो अगदी खुशीत होता. मग त्यानं दुसऱ्या ढिगातलं एक ओढलं. याची भोकं जुळत होती, चाकाची खोलीही तीच होती, पण मधलं मोठं भोक बोटभर मोकळं पडत होतं. "हे बी बसंल. पन हबवर, आसाच्या तोंडावर, गच्च धरनार न्हाई. सगळा भार नटांवर. गाडी थरथरायला लागली का समजायचं, चाकाला तुझ्या घरात न्हाई राह्यचं." शेवटी अगदी मागच्या कोपऱ्यातून त्यानं जुनाट दिसणारी, खरबरीत चाकं काढली. भोकं बघितली, मधलं भोक बघितलं, पट्टी लावून खोली बघितली. सहादेवच्या खिशातला नट घेऊन त्याचं निमुळतं तोंड भोकात फिरवून बघितलं, ते बरोबर बसलं. वेल्डिंगच्या सगळ्या जोडावरून अंगठा फिरवला आणि एक चाक परत ढिगात फेकून दुसरं घेतलं. "ही घे. दिसायला काळी, पन तुझ्या गाडीची हीच."

"बरं," सहादेव म्हणाला.

"बरं काय बरं? तुला वाटत काहीच न्हाई का रं? कोन बसनार हाय गाडीत?"

"वैनी. तिचे दिवस भरत आलेत."

गिदोन एका टायरवर टेकला आणि इतका वेळ ज्याच्याकडं त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं ते वाकलेलं चाक त्यानं पायानं आपल्याकडं ओढलं. "हे निसटलेलं?"

"व्हय. भाऊ गेला माझा त्यात."

गिदोननं छातीवर क्रूसाची खूण केली. मग चाक मांडीवर घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. खिशातला चाकू काढून त्यानं नटाच्या भोकाच्या कडेला खरवडलं. तांबडा रंग निघाला. त्याखाली हिरवा. त्याखाली पिवळा. त्याखाली पुन्हा तांबडा. चाकाची जी पाठ ब्रेकच्या ड्रमला टेकते तिच्यावरही तोच थर, बैलाच्या शिंगावरच्यासारखा जाड.

"ही काय रंगपंचमी?"

"पोळा," सहादेव म्हणाला. "दरसाल रंगवतो आमी."

"चाक काढून? मागून बी?"

"व्हय."

गिदोननं चाकूचं टोक एका भोकात घातलं. भोक गोल राहिलं नव्हतं, लांबुळकं झालं होतं. "बघ. लोखंडानं लोखंड धराया पायजे. तुमच्या नटानं धरला रंग. गाडी पळाली, चाक तापलं, रंग चुरला. जेवढा रंग झडला तेवढा नट ढिला. ढिला नट भोक खातो, अन् भोक मोठं झालं का नट निघून जातो."

"पन नट घट्ट आवळलं असतील तर?"

"कितीबी आवळ. तू लोण्यावर दगड बांधलास तर गाठीचा काय दोष?"

गिदोननं चाक खाली ठेवलं. बाहेरून लष्कराची एक मोठी गाडी गेली आणि शेडीचा पत्रा थरथरला. कानिफनाथ नटांच्या बाबतीत कधी हयगय करत नसे. चाक चढवलं की समोरासमोरचे नट आळीपाळीनं, पान्यावर पाय देऊन आवळायचा. सहादेव जॅक धरून बसलेला असायचा. म्हणजे दादाची काही चूक नव्हती. नशीबही नव्हतं आणि दृष्टही नव्हती. म्हाताऱ्या आबांनी मोठ्या मायेनं दिलेला रंग होता तो. सहादेवला हे सगळं एकदम, लख्ख कळलं. त्याच्या पायाखालची जमीन सरकायला हवी होती. ती जागच्या जागी होती, आणि तिच्यावर उभं राहून त्यानं विचारलं, "रंग घासलेट लावून निघतो का?"

"निघतो. पन ह्या जुन्यांना आता हात लावू नगंस, सगळी भोकं खराब झाल्यात. नव्या चाकांची पाठ कोरडी ठेव. रंग न्हाई, तेल न्हाई, काय न्हाई. डाव्या अंगाचे नट उलट्या आट्यांचे असत्यात, ठाऊक हाय न्हवं? अन् घाट लागायच्या आधी गाडी थांबवून परत येकदा आवळ." गिदोन उठला, चाकं बाहेर काढू लागला, आणि पाठमोरा राहूनच त्यानं विचारलं, "कोन रंगवायचं घरी?"

"घरचंच कुनीतरी," सहादेव म्हणाला.

नवी चाकं एसटीच्या टपावरून वस्तीवर आली तेव्हा राहीबाई दारात येऊन बघून गेली. सहादेवनं ती अंगणात लिंबाखाली मांडली आणि ड्रमवरचा जुना रंग काढायला घासलेट आणावं म्हणून तो शेजारच्या वस्तीवर गेला. तो परतला तर अंगणात पुंजाराम उकिडवा बसलेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा म्हातारा भिंत सोडून बाहेर आला होता. त्याची दाढी केलेली होती. पुढ्यात तांबड्या तेलरंगाचा डबा होता, हातात ब्रश, आणि एक चाक त्यानं मागून पुढून रंगवून काढलं होतं. ओला रंग उन्हात चमकत होता. घरीच राहणारी पुंजारामची बहीण छबूआत्या उंबऱ्यावर बसून भावाकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाऊ उठला, हातात काम घेतलं, याचंच तिला अप्रूप.

"आलास? बरं झालं," पुंजाराम म्हणाला. आवाजही पूर्वीचा. "नातवाला आनायची हाय गाडी. तिला काय उघडीबोडकी धाडू?"

सहादेवनं ते चाक उचललं, बाजूला नेलं, आणि घासलेटाचा बोळा घेऊन रंग पुसू लागला.

"आरं, आरं! काय करतूस? याड लागलं का?"

"रंग नगं, आबा."

"का नगं?"

"असंच. मागून तर नगंच. नगरचा मानूस म्हनला, कोरडीच बसवायची."

"त्याला काय कळतंय? आपन तर दरसाल..." पुंजाराम म्हणाला, आणि थांबला.

सहादेव पुसत राहिला. थोड्या वेळानं त्यानं मान वळवली. पुंजाराम बसल्या जागेवरून नगरहून परत आणून कुडाला टेकवून ठेवलेल्या त्या वाकलेल्या चाकाकडं बघत होता. गिदोननं जिथं खरवडलं होतं तिथं तांबडा, हिरवा, पिवळा असे थर उघडे पडले होते. म्हाताऱ्याचा ब्रश हातात तसाच, आणि त्याच्यावरून रंग थेंब थेंब धोतरावर गळत होता.

"कोरडी का म्हनला त्यो?" पुंजारामनं विचारलं. आवाज अगदी बारीक आला. "सहादेवा, रंगानं काय हुतं?"

पुंजाराम अडाणी असेल, वेडा नव्हता. अजून दोन घटका तो त्या चाकाकडं बघत राहिला असता तर त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नसती. आणि ते एकदा कळलं की मग हा माणूस भिंतीशीही बसणार नव्हता, तो विहीर जवळ करणार होता. हे सहादेवला दिसत होतं, जसं समोरचं लिंबाचं झाड दिसावं तसं.

"रंगानं काय हुत न्हाई," सहादेव म्हणाला. "चूक माझी हाय आबा. त्या दिवशी सकाळी दादा म्हनला हुता, नट येकदा बघून घे. म्या बघितलंच न्हाईत. बघितलं म्हनून सांगितलं अन् गेलो शेताला."

हे त्याला आधी सुचलेलंही नव्हतं. तोंडातून आलं ते इतकं सरळ आलं की ऐकणाऱ्याला खोटं वाटायला जागाच राहिली नाही. आवाज कापला नाही, डोळे हलले नाहीत. सगळं अंग बधिर असल्याचा हा एक फायदा.

छबूआत्यानं तोंडावर पदर घेतला. पुंजाराम उठला. त्यानं दोन पावलं टाकली आणि सहादेवच्या मुस्कटात दिली. दुबळ्या हाताची, पण जीव खाऊन. रंगानं माखलेली बोटं गालावर उमटली.

"माझ्या म्होरं उभा ऱ्हाऊ नगंस," तो म्हणाला. "लांडग्या! सहा महिनं माझ्या ताटाला ताट लावून जेवलास."

तो पायावर उभा होता. रागानं त्याला उभं केलं होतं. सहादेवनं एवढं बघितलं आणि मग दाराकडं पाहिलं. दारात राहीबाई उभी होती. एक हात चौकटीवर, एक पोटावर. ती केव्हापासून उभी होती हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. ती वळून आत गेली.

सहादेवनं चाक पुसून लख्ख केलं. ड्रमवरचे जुने थर घासून खाली पांढरं लोखंड येईपर्यंत काढले. चारी चाकं चढवली, हातानं फिरवून बघितली, कुठं डुगतात का, कुठं घासतात का. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, जॅक उतरवून पुन्हा पान्यावर पाय देऊन आवळले. त्या दिवसापासून त्याचं ताट ओसरीवर येऊ लागलं. आणून ठेवायची छबूआत्या, आणि ठेवताना बोलायची नाही. त्याला त्याचंही काही वाटलं नाही. किंवा वाटत असेल, तर ते कुठंतरी लांब, दुसऱ्याच कुणाला तरी वाटत होतं.

राहीबाईच्या कळा सुरू झाल्या त्या एसटी निघून गेल्यावरच. छबूआत्यानं गोधडी आणि लुगडी बांधली, पुंजारामनं पागोटं घातलं. जीप दारात आली. राहीबाई पायरीपर्यंत आली आणि थांबली. कळ येऊन गेली, तिनं ओठ आवळून ती काढली, आणि मग ती सहादेवकडं न बघता म्हणाली, "नट कुनी आवळलं?"

"म्या," सहादेव म्हणाला.

"आबा, तुमी बघा."

"वैनी, आवळल्यात. लई घट्ट—"

"त्या दिवशीबी तुमी ह्यांना असंच सांगितलं आसंल," राहीबाई म्हणाली.

पुंजारामनं पाना घेतला. चारी चाकांभोवती तो फिरला, एकेका नटाला पाना लावून त्यानं सगळा भार दिला. डाव्या अंगाला त्यानं पाना भलत्याच दिशेला लावला, कारण पोळ्याला नट काढायचं काम पोरांचंच असे. "आबा, त्ये उलट्या आट्यांचं," असं सहादेवनं म्हटलं तेव्हा म्हाताऱ्यानं त्याच्याकडं असं बघितलं, की सहादेव दोन पावलं मागं सरला. छबूआत्यानं तेच पुन्हा सांगितल्यावर पुंजारामनं पाना उलटा धरला. एकही नट हलला नाही. मग राहीबाई बसली, मागच्या बाजूला, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून.

घाटाच्या पायथ्याला सहादेवनं गिदोननं सांगितल्याप्रमाणं गाडी थांबवली. उतरायला लागला तर पुंजारामनं पाना त्याच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा सगळी चाकं स्वतः बघितली. पुन्हा एकही नट हलला नाही. घाट चढताना राहीबाई प्रत्येक वळणाला आत्याचा दंड धरत होती. तो कळांनी किती आणि भीतीनं किती, हे तिलाच ठाऊक. जिथं कड्याला जीप आदळल्याचा पांढरा ओरखडा होता तिथून गाडी गेली तेव्हा राहीबाईनं डोळे मिटून घेतले. गाडी अगदी सुतात चालली होती. स्टिअरिंग हातात जिवंत वाटत होतं, ते ना ओढत होतं, ना थरथरत होतं. गिदोननं दिलेली चाकं खरोखरच या गाडीची होती.

दवाखान्यात पोचायला उशीर झाला नाही. बाळ आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी राहीबाईला आत नेलं, आणि ऊन कलायच्या आत मुलगी झाली. लहानशी, पण आवाज खणखणीत. घरी असती तर दोघींतली एकही राहिली नसती, असं बाईंनी बाहेर येऊन पुंजारामला स्पष्टच सांगितलं. वेळेवर आणलंत, म्हणाल्या. पुंजारामनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

सहादेव खोलीच्या दाराशी गेला. पुंजाराम खाटेजवळ बसला होता आणि नात त्याच्या मांडीवर होती. म्हातारा तिच्या मुठीत आपलं बोट घालून काहीतरी पुटपुटत होता. दात नसलेल्या तोंडानं हसत होता. बधिर झालेला गाल पुन्हा आपला होऊ लागला की आधी मुंग्या येतात, मग दुखू लागतं. सहादेवला तसं छातीत काहीतरी दुखू लागलं. बाळ हातात घ्यावं असं त्याला फार वाटलं. त्याला कुणी ये म्हणालं नाही.

थोड्या वेळानं आत्या पुंजारामला चहाला घेऊन गेली. जाताना म्हाताऱ्यानं बाळ राहीबाईच्या कुशीत ठेवलं. खोलीत दोघंच राहिली, म्हणजे तिघं. राहीबाईनं डोळे उघडले.

आत्ता सांगावं. रंगाचं सांगावं, गिदोननं काय काय खरवडून दाखवलं ते सांगावं. ती शहाणी होती, तिनं ऐकून घेतलं असतं, कदाचित तोंडाला कुलूपही लावलं असतं. पण मग दरसाल पोळ्याला म्हातारा ब्रश घेऊन बैलांपुढं बसला की तिनं त्याच्याकडं कोणत्या डोळ्यांनी बघायचं? त्यानं नात मांडीवर घेतली की ती काय बघणार? दवाखान्याच्या व्हरांड्यातून पुंजारामचा आवाज येत होता. कुणाला तरी तो सांगत होता की पोरीचं नाक अगदी कानिफनाथाचं आहे.

"वैनी," सहादेव म्हणाला. "दवाखान्यातनं कधी सोडनार? म्या न्यायला येतो."

राहीबाईनं बाळावरचं फडकं सारखं केलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

"तुमी येऊ नका, भावजी," ती म्हणाली. "आमी हिला घिऊन यष्टीनं येऊ."

सहादेवनं मान डोलावली. "बरं," म्हणाला. आणि या खेपेला बरं म्हणायला त्याला फार जड गेलं.

तो बाहेर आला. जिपीत बसला, चावी फिरवली. नगर मागं पडलं, मेहेकरी गाव गेलं, घाट लागला. मागं कुणी नव्हतं, शेजारी कुणी नव्हतं. उतारावर एका वळणाला त्याला पुढचं दिसेनासं झालं, तेव्हा त्यानं गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो मोठ्यानं, लहान पोरासारखा रडला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. गाडी सरळ आणि शांत खाली उतरत होती.